काकांची तीन टिंबं

४ फेब्रुवारी

ठकू,

फोन हाताशी असताना मावशी पत्र का लिहितेय, म्हणून आईसारख्या आठ्या घालू नकोस. आमच्या घरात फोन एकच, आणि त्यावर आलेलं सगळं माझ्याआधी तुझे काका वाचतात. हे त्यांनी वाचायचं नाही. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव, प्रयोगशाळेत. तिथे परीक्षानळ्या आणि मी यांच्याशिवाय कुणी नसतं.

विषय बोलक्या डब्याचा. घशाच्या ऑपरेशननंतर काकांचा आवाज गेला, तेव्हा तुमच्या कंपनीचा हा डबा तूच आणून दिलास. दुकानातल्या खुर्चीच्या हाताला तो टांगलेला असतो. डाव्या अंगठ्याने टाइप करायचं, उजव्या हाताने कात्री चालवायची, असं त्यांनी बसवून घेतलंय. गिऱ्हाईकं केस कापायला कमी आणि त्यांचं ऐकायला जास्त येतात, हे तुला ठाऊकच आहे. तो त्यांचा ठरलेला विनोदही ठाऊक आहे. मागून आरसा दाखवायचा, डब्याने म्हणायचं, ‘झालं…’ माणूस मान हलवतो, उठायला लागतो, आणि मग डबा म्हणतो, ‘आता दुसरी बाजू.’ आवाज होता तेव्हापासून तीच माणसं त्याच विनोदाला हसतात. मीही हसते, आणि मी तर केस कापायला बसतही नाही.

जानेवारीच्या मध्यापासून काहीतरी बिनसलंय. डबा एका दमात म्हणतो, ‘झालं आता दुसरी बाजू.’ समोरचा म्हणतो, ‘बरं, करा.’ झालं, विनोद संपला! गेल्या आठवड्यापासून काकांनी तो सोडूनच दिलाय. ‘बसा’, ‘मान खाली’ आणि ‘पुढचे या’, एवढंच बोलतात. शेजारी मोबाईलची कव्हरं विकणारा आहे ना, तो आमची जागा कधीपासून मागतोय. पूर्वी काका त्याला कात्री दाखवून हाकलायचे. काल त्याला बसवून घेतलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं.

घरातलं काय सांगू, ते राहू दे.

आता माझा प्रश्न. कुणी हात न लावता एखादी वस्तू बदलू शकते का? आमच्या कपाटातलं स्पिरिट उडतं, पण बूच सैल असतं म्हणून. तुमच्या डब्याचं बूच कुठे असतं?

तुझी मावशी

१० फेब्रुवारी

मावशी, तुला नमस्कार, आणि काकांच्या खुर्चीलाही.

तुझं पत्र आल्या आल्या सगळं उघडून बघितलं. जानेवारीत आम्ही डब्यात एकच बदल केला. बटणं मोठी केली, तीही काकांनीच सांगितलं म्हणून. ती रात्रीतून घरच्या इंटरनेटवरून तुमच्या डब्यात आपोआप उतरली. बोलण्याच्या बाबतीत आम्ही लिहिलेलं एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नाही. छातीवर हात ठेवून सांगते, डबा ठीक आहे.

मग उरले काका. मावशी, असल्या ऑपरेशननंतर माणूस दोन वर्षांनीही आतून खचू शकतो, असं मी वाचलंय. त्यांना डॉक्टरांकडे ने. तोपर्यंत विनोदाचा आग्रह धरू नकोस, कुणाला धरू देऊ नकोस. त्यांना जपा.

माझं म्हणशील तर ऑफिसात महाभारत चाललंय. तुला असल्या गोष्टी आवडतात म्हणून सांगते. आमच्या प्रोग्रॅममधला जेमतेम पाचवा हिस्सा आम्ही लिहिलेला असतो. बाकीचे भाग जगभरातल्या लोकांनी करून ठेवलेले असतात, ते उसने घ्यायचे. अक्षरं दाखवणारा भाग एकाचा, आवाज काढणारा दुसऱ्याचा, बॅटरीवर लक्ष ठेवणारा तिसऱ्याचा. ती माणसं आपापल्या भागात सुधारणा करत राहतात आणि प्रत्येक सुधारणेला नवा आवृत्ती क्रमांक देतात. आम्ही एक यादी ठेवतो, कुठला भाग आणि कितवी आवृत्ती.

भांडण त्या यादीवरून आहे. अर्धे जण म्हणतात, यादीत नुसतं ‘ताजी असेल ती’ असं लिहा, म्हणजे सुधारणा फुकट मिळतात आणि बाहेरच्यांना आत शिरायच्या चोरवाटा बुजतात. बाकीचे म्हणतात, नेमका क्रमांक लिहून कुलूप ठोका, काल चाललं ते आज चाललंच पाहिजे. आमच्या मुख्य बाईंनी निर्णय माझ्या गळ्यात घातलाय. मी अजून कुंपणावर बसून दोन्हीकडच्या शिव्या खातेय.

काकांचं लगेच कळव.

ठकू

२१ फेब्रुवारी

ठकू,

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडले.

नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी एकेकाला गाठून सांगितलं, त्यांना जपा, विनोदाचं काही काढू नका. झालं! माणसं दवाखान्यात बसावं तशी बाकावर बसायला लागली. चपला हळू काढतात. एकाने तर काकांचा हात हातात घेऊन ‘धीर धरा’ म्हटलं, अर्धी दाढी झालेली असताना. काकांनी टाइप केलं, ‘मी मेलो का?’ तेही डब्याने असं सपाट विचारलं, की तो बिचारा ‘नाही नाही’ म्हणत घाबरून गेला.

डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. आणि कव्हरवाल्याला काकांनी सांगून टाकलं, मार्चअखेर पक्कं उत्तर देतो. ठकू, दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर कुणाशी बोलणार? माझ्याशी? मी शाळेत असते. शिवाय माझ्याशीही हल्ली… पण ते राहू दे म्हटलं ना.

आता खरी बातमी. दुकानातला खण आवरताना जुना डबा सापडला. कोपरा फुटला म्हणून तुम्ही बदलून दिला होता, तो. कित्येक महिने बंद पडलेला. मी तो गुपचूप चार्ज केला आणि काकांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने टाइप केलं. जुना डबा म्हणाला, ‘झालं…’ आणि थांबला! अगदी पूर्वीसारखा! मग, ‘आता दुसरी बाजू.’ बाकावर एक जण पेपर वाचत होता, तो एकटाच खो खो हसला. काकांनी तेच वाक्य परत टाइप केलं, मग परत. मग दोन्ही डबे शेजारी ठेवले आणि एकदा या डब्याकडे बघतात, एकदा त्या.

मी शास्त्रीय पद्धतीने विचार केला. दोन्ही डबे तुमचेच, वाक्य तेच, माणूस तोच. फरक एकच, बॅटरी. जुनी बॅटरी दमते, म्हणून वाक्याच्या मध्ये थांबून दम खाते. तेव्हा नव्या डब्यात जुनी दमलेली बॅटरी घालून बघावं, असं माझं मत झालंय. स्क्रू कुठल्या मापाचे आहेत तेवढं कळव. जुना डबा काही फार दिवस टिकायचा नाही, तासाभरातच तापतो.

तुझी मावशी

२६ फेब्रुवारी

मावशी, बॅटरीला हात लावू नकोस!

तुझा प्रयोग बरोबर, निष्कर्ष चूक. माझे तर दोन्ही चूक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तशी गत झाली. ज्या भांडणाची गंमत मी तुला लिहून पाठवली, तेच तुमच्या दुकानात येऊन बसलंय, आणि मला दिसलं नाही.

आमच्या यादीत आवाजाच्या भागापुढे ‘ताजी असेल ती’ असंच लिहिलेलं होतं. जानेवारीत बटणं मोठी करून आम्ही सगळा प्रोग्रॅम पुन्हा बांधला, तेव्हा कॉम्प्युटरने इमानेइतबारे आवाजाचा ताजा भाग आणून बसवला. आम्ही लिहिलेलं खरंच काही बदललं नव्हतं. उसनं आणलेलं बदललं होतं. तुझा जुना डबा खणात झोपलेला होता, त्याला इंटरनेट मिळालं नाही, म्हणून तो वाचला. तुझ्या भाषेत, बूच इथे सैल होतं.

त्या भागाच्या कर्त्याने बदलांची टीप ठेवलीय. ‘वाक्यातले मोठे थांबे काढून टाकले, कारण डबा बंद पडल्यासारखा वाटतो.’ एवढीच ओळ. थांब्यासाठी काका टाइप करतात ती तीन टिंबं त्या ओळीत गेली.

आणि मी तुला सांगत होते डॉक्टरांकडे ने, जपा! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. काकांना माझ्या वतीने सांग, की त्यांना काही झालेलं नव्हतं, आमच्या यादीला झालं होतं. मला फार वाईट वाटतंय, मावशी.

मी आता कुलूपवाल्यांच्या बाजूने. प्रत्येक भागाला जुन्या डब्यात होता तोच नेमका क्रमांक लिहिलाय. या आठवड्यात तुमच्या डब्यात तो उतरेल. थांबे परत येतील, आणि आता कुणी काही हलवणार नाही.

ठकू

१५ मार्च

ठकू,

आधी गोड सांगते. थांबे परत आले. पहिल्या दिवशी काकांनी तो विनोद प्रत्येक डोक्याला ऐकवला, एका टकलूलाही. बाकावर पुन्हा गर्दी. मी शाळेतून परस्पर दुकानात जाऊन बसायला लागले, घरी पसारा तसाच.

आणि तेव्हा नको म्हटलेलं ते आता सांगते. आमच्या लग्नापासूनचं यांचं एक वाक्य आहे. मी काही काम करत असले, की हे गंभीर तोंड करून म्हणणार, ‘तू नसतीस तर…’ मी दर वेळी फसते आणि वर बघते. मग म्हणणार, ‘दुसरी केली असती.’ मी हातात असेल ते फेकते. जानेवारीत एका दुपारी डबा मला सरळ म्हणाला, ‘तू नसतीस तर दुसरी केली असती.’ मध्ये श्वासभरही जागा नाही. मी काही फेकलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यांनी ते वाक्य नंतर कधी टाइप केलं नाही, आणि मी का रडले ते मलाही सांगता येईना. विनोद तर तोच होता! तुझं पत्र आल्यावर कळलं, की मी तीन टिंबांसाठी रडले.

आता कडू. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांची बायको गेली. त्यानंतर परवा ते पहिल्यांदाच दुकानात आले, नुसते येऊन खुर्चीत बसले. काकांनी कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी सावकाश टाइप केलं, ‘फार वाईट वाटलं… त्यांची आठवण येईल.’ डबा म्हणाला, ‘फार वाईट वाटलं.’ थांबला. मग म्हणाला, ‘फार वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.’ थांबेचना! काका बटणं दाबतायत, डबा वाईट वाटून घेतोय. घड्याळवाल्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आणि हसता हसता रडायला लागले. शेवटी तेच म्हणाले, ‘असू दे हो. माझ्याकडे येतात त्यातली निम्मी घड्याळं अशीच वाजतात.’

त्यांनी मनावर घेतलं नाही. तुझ्या काकांनी घेतलं. भर दुपारी दुकान बंद करून घरी आले. मला टाइप करून दाखवलं, डब्याला बोलू दिलं नाही: ‘ज्या न्हाव्याला दुःखाच्या वेळी दोन शब्द नीट बोलता येत नाहीत, त्याने खुर्ची विकावी.’ कव्हरवाल्याची मार्चअखेर जवळ आलीय.

पूर्वीही एक-दोनदा डबा असा अडकला होता, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. मग मला सांग, थांबा हवा तर अडकणं पण घ्यायचं? आणि अडकणं नको तर विनोद सोडायचा? तुमच्या कुलपाने चांगलं-वाईट दोन्ही एकाच खोलीत कोंडलंय, असं मला दिसतं. की मी परत बॅटरीसारखंच काही बोलतेय?

तुझी मावशी

२२ मार्च

मावशी,

या वेळी बॅटरी नाही. अगदी नेमकं बोललीस.

मोठ्या थांब्याच्या मध्येच आवाजाचा तो भाग कधीकधी वाट चुकून मागे जातो आणि तेच तेच बोलतो. कर्त्याला हे ठाऊक होतं. वाट सापडेना, म्हणून त्याने थांबेच उडवले. मी कुलूप लावून विनोद वाचवला आणि ही खोडही जपून ठेवली.

मग मला एक साधी गोष्ट सुचली, जी आमच्यापैकी भांडणाऱ्या कुणालाच सुचली नव्हती. मी त्या कर्त्याला लिहिलं. मला वाटत होतं, मोठी कंपनी असेल. निघाला एकटा माणूस. दिवसा पुलांच्या मोजमापाची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हा भाग सांभाळतो. मी त्याला खुर्ची, आरसा, ‘दुसरी बाजू’ आणि घड्याळवाले, सगळं सांगितलं. त्याने लिहिलं, ‘थांबा कुणी मुद्दाम वापरत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, तो फक्त उशीर आहे.’ आणि मग विचारलं, मागचा आरसा आधी दाखवतात की नंतर? तुझ्याच जातकुळीतला दिसतोय. दोन आठवडे मागितले आणि चार दिवसांत नवी आवृत्ती केली. तिच्यात वाट चुकत नाही. थांबेही परत आलेत, आणि आता जितकी टिंबं द्याल तितका लांब थांबा. पूर्वी तीनच चालायची.

ऑफिसातही मी कुंपणावरून उतरले. मुख्य बाईंना सांगितलं, दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. कुलूप लावायचं, पण किल्ली फेकून द्यायची नाही. सगळ्या भागांना नेमके क्रमांक. मग वेळ ठरवून, एका वेळी एकच भाग उघडायचा, नवा घालून बघायचा, बिघडलं तर जुना परत. आणि सगळ्यांकडे पाठवायच्या आधी तो रोज वापरणाऱ्या एका माणसाकडे जाणार. थांबा किती लांब पडला हे मशीन मोजेल. हसू आलं का, ते नाही मोजता येत. बाई म्हणाल्या, असा माणूस कुठे मिळणार? मी म्हटलं, एक खुर्ची माझ्या ओळखीची आहे.

नवी आवृत्ती घातलेला वेगळा डबा सोबत पाठवतेय. काकांना विचार, आमच्यासाठी तपासतील का? नापास केला तर बेधडक नापास करा म्हणावं. निकाल मला त्यांच्याच हातचा हवा.

ठकू

२८ मार्च

चि. ठकूस,

तुझी मावशी शाळेच्या पत्त्यावर पत्रं मागवते हे मला पहिल्यापासून माहीत आहे. शाळेचा शिपाई माझ्याकडेच केस कापून घेतो.

निकाल लिहितो.

शोक: घड्याळवाल्यांकडे मी स्वतः गेलो. जे राहिलं होतं ते बोललो. थांब्यासकट, एकदाच. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला बसवून घेतलं. पास.

विनोद: खुर्चीत कव्हरवाला होता. केस कापायचं निमित्त, आला होता उत्तर न्यायला. आरसा दाखवला. डबा म्हणाला, ‘झालं…’ त्याने अंगावरचं कापड स्वतःच काढलं, उठला, खिशात हात घातला. मग डबा म्हणाला, ‘आता दुसरी बाजू.’ बाकावरचे दोघे खाली पडायचे राहिले. कव्हरवाला परत बसला. तोही हसत होता, माणूस वाईट नाही. मग मी त्याला उत्तर दिलं. ‘जागा देतो…’ त्याचा चेहरा उजळला. मी या वेळी सहा टिंबं दिली होती. ‘पुढच्या जन्मी.’ पास.

तपासायचं काम मी घेतलं. पुढचे भाग पाठवत जा. एका वेळी एकच, तू म्हणतेस ते बरोबर. मीही दोन गिऱ्हाइकांना एकदम साबण लावत नाही.

अजून एक परीक्षा बाकी आहे. ती घरी घ्यायची आहे. तिचा निकाल मी देणार नाही.

तुझा काका

३१ मार्च

ठकू,

आपली पत्रं काकांना पहिल्यापासून ठाऊक होती, हे त्यांनीच मला परवा सांगितलं. म्हणजे शिपाई फितूर! माझ्याच खुर्चीत बसून माझाच चहा पितो आणि बातम्या तिकडे. बघते त्याच्याकडे.

दुकान राहिलं, हे तुला कळलंच असेल. मला ते कव्हरवाल्याकडून कळलं. रस्त्यात भेटला आणि ‘पुढच्या जन्मी’ सांगून स्वतःच हसत सुटला.

कालचं सांगते. रविवार होता, दुपारची वेळ. दुकानातली कापडं उसवली होती, ती मी खिडकीशी शिवत बसले होते. हे समोर डबा घेऊन. बराच वेळ अंगठा चालला होता. मला वाटलं, तुला काही लिहीत असतील. मग डबा म्हणाला,

‘तू नसतीस तर…’

मी सुई थांबवून वर बघितलं. फसले, नेहमीसारखी. हातात कापडाचा बोळा करून तयार ठेवला, ‘दुसरी’ म्हटलं की फेकायला. डबा गप्प. मी वाट बघितली. अजून गप्प. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, डबा आपला गप्पच. म्हटलं, झालं, परत अडकला, आता ठकूला लिहायला हवं.

उठून पडद्यात बघितलं. टिंबं होती. पहिल्या तीन शब्दांनंतर नुसती टिंबं, ओळीखाली ओळ, पडदा भरून. मी खाली सरकवत गेले. शेवटपर्यंत टिंबंच. ‘दुसरी’ कुठेच लिहिलेली नव्हती.

हे खिडकीबाहेर बघत होते, कान लालबुंद. कापडाचा बोळा माझ्या हातातच राहिला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण त्या वेळी घरात आवाज कुणालाच नव्हता.

तेव्हा हा बिघाड नव्हे. उघडून तपासत बसू नकोस. आणि ठकू, या आवृत्तीला कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडेच असू दे, पण इतक्यात शोधू नकोस.

तुझी मावशी